रीलमध्ये न दिसणारा सूर

तुमच्या फीडवर तो एकदा तरी येऊन गेला असणार. हॉस्टेलच्या जिन्यात नाहीतर गच्चीच्या कठड्यावर बसलेला एक मुलगा, दोन्ही हातांच्या ओंजळीत काहीतरी चमकणारं धरलेलं, डोळे मिटलेले, आणि त्या ओंजळीतून लांबवर चाललेल्या मालगाडीसारखा आवाज. चाळीस सेकंद. खाली कमेंट्स : 'भावा, कुठून शिकलास?', 'किती दिवस लागले?', 'कोणता घेऊ?' आणि त्यानंतरची पुढची रील म्हणजे जाहिरात : सात दिवसांत ब्लूज हार्मोनिका शिका.

मग तुम्ही ऑर्डर करता. पार्सल येतं. दहा भोकांची, पंजात मावणारी वस्तू. फुंकलं की छान वाजतं, श्वास आत ओढला तरी छान वाजतं. चुकीचा सूर लागायला जागाच नाही असं वाटतं. पहिली दहा मिनिटं आपण जन्मजात कलाकार आहोत याची खात्री पटते. तिसऱ्या आठवड्यात ती वस्तू जुनी आयकार्डं आणि तुटलेले इयरफोन यांच्या शेजारी ड्रॉवरमध्ये गेलेली असते.

आपण आळशी आहोत, आपलं लक्ष टिकत नाही, असं म्हणून तुम्ही स्वतःलाच बोल लावता. घरचे तर लावतातच. पण या प्रकरणात दोष तुमच्याकडे थोडा आणि विकणाऱ्याकडे जास्त आहे, असं माझं मत आहे. 'सगळ्यात सोपं वाद्य' म्हणून जे विकलं जातं, त्याची फक्त सुरुवात सोपी आहे. आणि ब्लूज हार्मोनिकाची एक गोची अशी की, ती व्हिडीओच्या जमान्यात व्हिडीओवर शिकणं सगळ्यात अवघड जाणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. का, ते पुढे बघू. आधी हे आत्ताच एवढं का दिसायला लागलंय ते पाहू.

दोन सिनेमे आणि एक नसलेला बँड

२०२४च्या डिसेंबरमध्ये 'अ कंप्लीट अननोन' आला. बॉब डिलनच्या सुरुवातीच्या वर्षांवरचा सिनेमा. त्यासाठी टिमथी शालामे गिटार आणि हार्मोनिका शिकला. कोव्हिड आणि हॉलिवूडच्या संपामुळे सिनेमा लांबत गेला, त्यामुळे शिकायला त्याला काही वर्षं मिळाली, आणि पडद्यावर ऐकू येतं ते त्याचं स्वतःचं वादन आहे. लगोलग २०२५च्या एप्रिलमध्ये रायन कूगलरचा 'सिनर्स' आला. १९३२ सालचं क्लार्क्सडेल, मिसिसिपी. दोन जुळे भाऊ कापसाच्या शेतांच्या मुलखात एक 'ज्यूक जॉइंट' सुरू करतात, म्हणजे काळ्या मजुरांनी शनिवारी रात्री नाचण्या-पिण्यासाठी जमायची जागा. डेलरॉय लिंडोने त्यात डेल्टा स्लिम नावाचा म्हातारा वादक रंगवलाय. तो पियानो वाजवतो आणि हार्मोनिकाही. व्हॅम्पायर बघायला गेलेली पोरं ब्लूजची प्लेलिस्ट घेऊन बाहेर आली. सिनेमाच्या शेवटी जो वयोवृद्ध गिटारवादक दिसतो तो खराखुरा बडी गाय. हाच बडी गाय मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, २०११ पासून भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये वाजवून गेलाय. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी त्या गर्दीत असेल.

या दोन सिनेमांच्या मागोमाग तिसरी बातमी आली, ती वेगळ्या जातीची. २०२५च्या उन्हाळ्यात 'व्हेल्वेट सनडाऊन' नावाच्या बँडने स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते जमवले. गाणी जुन्या वळणाची, रेट्रो. बँडचे फोटो होते, सदस्यांची नावं होती, फक्त बँड नव्हता. गाणी एआयने बनवलेली होती आणि जुलैमध्ये त्यांच्या प्रोफाइलवरच तशी कबुली आली.

आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीकडे यंत्राला 'एक उदास ब्लूज गाणं दे, हार्मोनिका टाक' असं टाइप केलं की मिनिटभरात मिळतं. दुसरीकडे वीस वर्षांची मुलं पैसे खर्चून एक असं वाद्य विकत घेतायत, ज्यातून मनासारखा एक सूर काढायला महिना लागतो. यात विरोध आहे असं वरवर वाटतं. मला तो वाटत नाही. सूर फुकट मिळायला लागले म्हणूनच स्वतःच्या तोंडून निघालेल्या सुराची भूक लागली असावी. पण भूक लागणं आणि जेवण बनवता येणं यात अंतर आहे, आणि नेमक्या त्या अंतरात दुकानदार उभा आहे.

आधी हे बघा, तुमच्याकडे नक्की काय आहे?

'आमच्या आजोबांचा माऊथ ऑर्गन आहे घरी, त्यावरच शिकतो' असं म्हणणारे बरेच असतात. तो बहुधा ट्रेमोलो असतो : लांबट, भोकांच्या दोन ओळी. त्यात एका सुराला दोन पट्ट्या असतात, एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या, म्हणून तो लहरता, गोड आवाज येतो. हिंदी सिनेमाची गाणी त्यावर झकास वाजतात. तिसरा प्रकार क्रोमॅटिक, उजव्या बाजूला बटण असलेला. बटण दाबलं की अर्धा सूर चढतो, त्यामुळे बाराही सूर मिळतात. आपल्याकडे माऊथ ऑर्गन लोकांच्या मनात बसला तो सिनेमामुळेच. १९५८च्या 'सोलवा साल'मधल्या देव आनंदच्या गाण्यात आणि १९६४च्या 'दोस्ती'मध्ये तो वाजवला तरुण राहुल देव बर्मनने. 'शोले'त जय जिन्यावर बसून वाजवतो, ते वादन भानू गुप्तांचं.

ब्लूज यातल्या कशावर सहसा शिकत नाहीत. त्याला लागते दहा भोकांची डायटॉनिक, जिला तिकडचे वादक नुसतं 'हार्प' म्हणतात. तेव्हा आजोबांची वस्तू जपून ठेवा, पण त्यावर मालगाडी निघाली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ट्रेमोलोवर ती निघणारच नाही.

उलटं धरलेलं वाद्य

इथे थोडं थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

ही दहा भोकांची पेटी जर्मनीची. माथियास होनरने १८५७ साली ट्रॉसिंगेन गावात कारखाना काढला आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचा माल खोक्यांनी अमेरिकेला जायला लागला. वाद्य बनवलं होतं तिकडच्या लोकगीतांसाठी, वॉल्ट्झसाठी. त्याची सुरांची मांडणीही तशीच. 'सी' पट्टीची हार्मोनिका घ्या. खालच्या चार भोकांत फुंकलं की सी कॉर्ड वाजते. हे घर. त्याच चार भोकांतून श्वास ओढला की जी कॉर्ड. हे घराबाहेर पडणं. फुंका, ओढा, पुन्हा फुंका. बाहेर गेलो, परत आलो. शाळेच्या संमेलनात वाजवण्याजोगं गाणं झालं तयार. सगळे सूर मात्र या पेटीत नाहीत. खालच्या भागात काही गाळलेले, मध्ये काळ्या पट्ट्या नाहीतच. कारखान्याच्या हिशेबात त्यांची गरज नव्हती.

हे स्वस्त खेळणं अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामीतून सुटलेल्या आणि लगेच खंडाने शेती करण्याच्या कर्जात अडकलेल्या काळ्या माणसांच्या हातात पडलं. पियानो त्यांच्या आवाक्यात नव्हता. हे खिशात मावत होतं. आणि त्यातल्या कुणीतरी, कुणी ते आता सांगता यायचं नाही, घर बदललं. फुंकण्याऐवजी ओढण्याला घर मानलं. 'सी'ची हार्मोनिका हातात, पण गाणं 'जी'मध्ये. याला म्हणतात क्रॉस हार्प किंवा सेकंड पोझिशन.

एवढ्या एका उलथापालथीने काय झालं? एक तर गाण्याचा सगळा भार ओढलेल्या श्वासावर आला; आणि ओढलेला सूर वाकवता येतो, हुंदक्यासारखा खाली खेचता येतो. दुसरं म्हणजे 'जी'मधून बघितलं तर या पेटीत शुद्ध नी नाही, कोमल नी आहे, पाच नंबरला ओढून मिळणारा. ब्लूजला तोच तर हवा. जर्मन कारागिराने गाळलेल्या जागा ब्लूजवाल्याच्या कामी आल्या.

सरगमने सांगतो म्हणजे ज्यांनी शाळेत पेटी शिकलीय त्यांना पटकन कळेल. 'सी' हार्मोनिकावर दोन नंबरचं भोक ओढा : सा. चार फुंका : म. चार ओढा : प. पाच ओढा : कोमल नी. सहा फुंका : वरचा सा. राहिला कोमल ग. तो तीन नंबर ओढून वाकवल्यावर मिळतो. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, सा. हे धानी रागाचे सूर, आणि मिसिसिपीतल्या ब्लूजचा कणाही हाच. त्यात चार नंबर ओढून वाकवलेला तीव्र म मिसळला की ज्याला 'ब्लूज स्केल' म्हणतात ते झालं. राग वेगळा, चलन वेगळं, सगळं वेगळं. धानी गाणारा ब्लूजवाला होत नाही. पण तुमचा कान या सुरांना अगदीच परका नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता डिलनकडे या. तो बहुतांशी घर न बदलता वाजवतो, फुंकण्याला घर मानून, गळ्यात अडकवलेल्या तारेच्या स्टँडवर. म्हणून 'अ कंप्लीट अननोन' बघून घेतलेली हार्मोनिका आणि 'सिनर्स' बघून घेतलेली हार्मोनिका दुकानात एकच असली तरी शिकवण्या दोन आहेत. पहिलीवर आठवड्याभरात काहीतरी धड वाजतं. दुसरीवर नाही. सात दिवसांची जाहिरात करणारे पहिली शिकवून दुसरीचं नाव लावतात.

आकाशवाणीला काय खटकलं होतं

सूर वाकवणं म्हणजे काय? आपल्याकडे शब्द आहे : मींड. आणि याच मुद्द्यावर एका वाद्याला आपल्याकडे देशव्यापी बंदी भोगावी लागली होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठोकून बसवलेले, भारतीय गाण्याला ती बिघडवते, असे आक्षेप होते. ही बंदी स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९७१मध्ये शिथिल झाली. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफिलीत मान मिळवून दिला आणि पु. ल. देशपांड्यांनी ती घराघरांत लाडकी केली, तिथे या बंदीची सल जास्त होती हे सांगायला नको.

हार्मोनियम आणि हार्मोनिका सख्ख्या चुलत बहिणी. दोघींच्या पोटात एकाच तऱ्हेची पितळी पट्टी, एका टोकाला जखडलेली, हवेने थरथरणारी. मग एकीवर मींड नाही आणि दुसरीवर आहे, हे कसं?

कारण घर लहान आहे आणि त्यात दोघी राहतात. हार्मोनिकाच्या प्रत्येक भोकाच्या आत दोन पट्ट्या असतात, एक फुंकल्यावर वाजणारी, एक ओढल्यावर. मधला कप्पा एकच. तुम्ही ओढताना तोंडाच्या आतली पोकळी बदलली, जीभ थोडी मागे-खाली नेली, की ओढण्याची पट्टी आपला सूर सोडून खाली घसरते आणि फुंकण्याची पट्टीही त्यात सामील होते. दोघींच्या ओढाताणीत मधला सूर निघतो. तो किती खाली जाईल हे दोन पट्ट्यांमधल्या अंतरावर ठरतं. तीन नंबरला अंतर सगळ्यात मोठं, म्हणून तिथे मध्ये तीन सूर सापडतात. दोन नंबरला दोन, चारला एक. पाचला जवळजवळ जागाच नाही. तिथे जोर लावलात तर पट्टी खराब होईल, सूर मिळणार नाही. हार्मोनियममध्ये हवा आणि पट्टी यांच्यामध्ये भाता आणि लाकडी खोकं आहे, वाजवणाऱ्याचं तोंड नाही. त्यामुळे वादकाला पट्टीच्या आत शिरून बोलता येत नाही.

बरं, आणि ब्लूजला हवा असलेला ग हा नुसता कोमल नसतो. तो कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असतो, गाणाऱ्याच्या मनाप्रमाणे. तीन नंबरच्या भोकात ती जागा आहे, पण तिथे थांबवणारी काही खूण नाही. पेटीत नाही, कागदावर नाही. शोधायची कानाने. श्रुतींबद्दल आपण जे नुसतं वाचतो, ते इथे जिभेला कळायला लागतं.

शिकवणाऱ्याचं तोंड बंद असतं

आता मघाचा मुद्दा. गिटार शिकताना बोटं दिसतात. तबल्याचा हात दिसतो. बासरीवर कुठलं भोक झाकलंय ते दिसतं. हार्मोनिका वाजवणाऱ्याचं काय दिसतं? दोन तळहात आणि मिटलेले डोळे. जीभ कुठे आहे, टाळा किती उघडलाय, श्वास छातीतून येतोय की पोटातून, यातलं काहीही कॅमेऱ्याला दिसत नाही. शिकवणारा फार तर उपमा देऊ शकतो : 'ई' म्हणत म्हणत 'ओ'वर या, जांभई आल्यासारखं करा, शिट्टी आत ओढून खालच्या सुरात न्या. यातली कुठली उपमा तुमच्या तोंडाला लागू पडेल हे त्यालाही ठाऊक नसतं.

तरीही इंटरनेटने या वाद्याचं भलं केलंय, हे मान्य करायला हवं. २००७मध्ये ॲडम गसो या वादकाने यूट्यूबवर फुकट धडे टाकायला सुरुवात केली. हा गोरा माणूस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये फुटपाथवर एका काळ्या गिटारवादकासोबत वर्षानुवर्षं वाजवत होता, पुढे मिसिसिपी विद्यापीठात प्राध्यापक झाला. आधी ज्या गोष्टी वादक सहजी कुणाला सांगत नसत त्या त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितल्या. पण ते धडे लांब, रमतगमत, एकाच सुरावर बराच वेळ थांबणारे. रीलला एवढा वेळ नाही. रीलला हवा तो निकाल, आणि या वाद्याचा निकाल दिसत नाही, ऐकू येतो, तोही हळूहळू.

म्हणून माझा सल्ला थोडा जुनाट वाटेल : व्हिडीओ कमी बघा, रेकॉर्डिंग जास्त ऐका. आणि फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्यांदा लाज वाटते. नंतर तोच तुमचा मास्तर होतो.

ऐकायला सुरुवात कुणापासून? लिटल वॉल्टरपासून. लुइझियानात १९३० साली जन्मलेला हा मुलगा किशोरवयातच शिकागोत आला, मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवू लागला. दक्षिणेतून लाखो काळी माणसं तेव्हा उत्तरेच्या कारखान्यांकडे येत होती, त्यातला हा एक. शिकागोच्या बारमध्ये इलेक्ट्रिक गिटारपुढे त्याची हार्मोनिका कुणाला ऐकू जाईना. तेव्हा त्याने साधा मायक्रोफोन घेतला, हार्मोनिकासकट दोन्ही हातांच्या मुठीत बंद केला आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडला. आवाज फाटला. त्या फाटक्या आवाजालाच त्याने आपली भाषा केली. १९५२मध्ये त्याचं 'ज्यूक' आलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, तुमच्यातल्या एखाद्या एमएच्या विद्यार्थ्याएवढा. त्यात एकही शब्द नाही, आणि ते बिलबोर्डच्या आरअँडबी यादीत आठ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. सदतिसाव्या वर्षी, १९६८मध्ये, तो रस्त्यावरच्या भांडणात झालेल्या जखमांनी गेला.

यूट्यूबवर वेग अर्धा करून ऐका. एका वेळी चार सेकंद. त्याहून जास्त नको.

हे आपलं आहे का?

कॉलेजच्या फेस्टमध्ये काळा चष्मा लावून 'ब्लूज' वाजवणाऱ्या पोराला हा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारायला हवा. ब्लूज हा नुसता मूड नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. डीफोर्ड बेली, जन्म १८९९, टेनेसी. लहानपणी पोलिओ झाला, अंथरुणात पडून हार्मोनिका वाजवायचा. रेल्वेच्या आवाजाची नक्कल करायला शिकला. 'पॅन अमेरिकन ब्लूज' हे त्याचं गाजलेलं वादन म्हणजे जवळून जाणारी एक गाडीच. १० डिसेंबर १९२७च्या रात्री नॅशव्हिल रेडिओच्या निवेदकाने त्याच्या वादनानंतर आपल्या कार्यक्रमाला गमतीने एक नाव दिलं : 'ग्रँड ओल ऑप्री'. आज अमेरिकेतल्या कंट्री संगीताची पंढरी याच नावाने ओळखली जाते. तिच्या बारशाला वाजवणारा हा काळा माणूस १९४१मध्ये कार्यक्रमातून काढला गेला. उरलेलं आयुष्य त्याने बुटांना पॉलिश करण्याच्या दुकानात काढलं. १९८२मध्ये तो वारला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली २००५ साली.

गाणं घ्यायचं आणि गाणारा दाराबाहेर ठेवायचा, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी आहे का? लावणीवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी फडावरच्या बाईला घरात कुठवर येऊ दिलं, ते तुम्हीच आठवा. डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखातलं साम्य सांगितलं होतं. १९७२मध्ये मुंबईतल्या तरुण कवींनी 'ब्लॅक पँथर'वरून आपल्या संघटनेचं नाव घेतलं. म्हणजे मिसिसिपी आणि मराठी यांच्यामध्ये एक रस्ता आधीपासून आहे, तो काही रीलने तयार केलेला नाही.

यावरून 'तुम्ही वाजवूच नका' असा निष्कर्ष निघत नाही. गसोने २०२०मध्ये 'हूज ब्लूज?' या नावाचं पुस्तकच लिहिलं. हे काळ्यांचं की सगळ्यांचं, हा वाद तो दोन्ही बाजूंनी मांडतो. माझं म्हणणं एवढंच, की वाजवणाऱ्याला डीफोर्ड बेली माहीत असावा. आणि एआयबद्दलची माझी तक्रारही इथेच येते. यंत्राने काढलेलं ब्लूज बेसूर नसतं, उलट फार सुरेल असतं. पण त्याला कुणी ऑप्रीतून काढलेलं नसतं. ज्यांच्या रेकॉर्डिंगवर अशी यंत्रं पोसली गेली त्यांना काय मिळालं, हा प्रश्न अमेरिकेत कोर्टात आहे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२४च्या जूनमध्ये दोन एआय संगीत कंपन्यांवर दावे ठोकले. भांडण कंपन्यांचं कंपन्यांशी आहे. बुटांना पॉलिश करणारा त्यातही कुठे नाही.

खर्चाचं आणि खोलीतल्या पार्टनरचं

आता रोकडा विषय. दोन-तीनशे रुपयांची खेळण्यातली घेऊ नका. तिच्यातून हवा गळते, आणि गळकी पेटी वाकत नाही. मग तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. वेगवेगळ्या पट्ट्यांचा सात हार्मोनिकांचा स्वस्त सेटही नको. सात वाईट वस्तूंपेक्षा एक बरी चांगली. कामापुरती बरी वस्तू हजार-दीड हजारापासून मिळते, नावाजलेल्या कंपनीची त्याच्या दुप्पट-तिप्पट. पट्टी 'सी' घ्या, कारण बहुतेक धडे तिच्यावर आहेत. कोर्स सुरुवातीला विकत घेऊ नका. आणि मित्राची हार्मोनिका तोंडाला लावू नका, कारण सांगायला नको.

सुरुवात सुरांनी नाही, तालाने करा. एक ते चार भोकांवर तोंड ठेवून नुसता श्वास : आत आत, बाहेर बाहेर. गाडी स्टेशनातून सुटते तशी हळू सुरू करा, वेग वाढवा. डीफोर्ड बेलीची गाडीही याच श्वासावर धावायची. फुंकणं-ओढणं असे शब्द मी वापरले, पण खरं तर श्वासच घ्यायचा आहे. सरबत स्ट्रॉने ओढतात तसं गाल आत घालून ओढलंत की सूर चोंदतो. खोलीतला पार्टनर वैतागेल, तेव्हा गच्ची बघा. परीक्षेच्या काळात तर नक्कीच.

त्यानंतर एकेक भोक वेगळं वाजवायचं. आठ-पंधरा दिवस लागतात. मग चार नंबर ओढून वाकवून बघा. बहुतेकांना पहिला वाकडा सूर तिथे मिळतो. तो आला की कुणीतरी खोलीतून ओरडेल, 'अरे, हे काय होतं?' तीन नंबरला मात्र महिने द्यावे लागतील.

आणि एक. पहिल्या दिवशी तुम्ही दोन नंबरचं भोक ओढाल आणि तिथून सूर येणारच नाही, किंवा घुसमटलेला, कण्हल्यासारखा आवाज येईल. जगातल्या जवळपास प्रत्येक शिकाऊ माणसाला त्या दिवशी वाटतं की आपल्याला खराब माल मिळाला. तो सूर म्हणजे तुमचा सा आहे. पेटी बिघडलेली नसते. जबडा आवळलेला असतो आणि तुम्ही जोर लावत असता. ओठ सैल सोडा, नाकातून हवा जाऊ देऊ नका, झोपेत घेता तसा संथ श्वास त्या एका भोकातून आत घ्या. दोन-चार दिवस असंच. रिटर्नची मुदत संपायच्या आत तो वाजायला लागतो.